खिडक्या तिथे नव्हत्या, कल्पना

कल्पना, तुझं शेवटचं चित्र मी मागे घेतलं. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगावं असं मनात आलं, आणि मग लक्षात आलं की आता तुला कुणाकडूनच काही कळणार नाही. तरी सांगते. तुझ्या पाठीमागे काही केलं असं मला वाटून घ्यायचं नाही.

तुझ्याबद्दल बोलायला सांगितलं की लोक तुझ्या पदव्या सांगतात, सुरतेत उधन्यातल्या कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या बापाची मुलगी कुठवर पोचली ते सांगतात. सगळं खरं आहे. पण तू किती भांडायचीस हे कुणीच सांगत नाही. गेलेल्या माणसाबद्दल ते बोलायचं नसतं म्हणे. मग मी तुझ्याबद्दल बोलायचं तरी काय? आपल्यात दुसरं होतं काय?

पहिल्या भेटीतच भांडलो होतो. मी प्रयोगशाळेत नवीन रुजू झाले होते. पेशीतल्या एखाद्या प्रथिनाला नेमकं चिकटेल आणि लेझर पडला की चमकेल असा रंग बनवणं हे माझं काम, आणि त्या रंगाने पेशी बघणं हे तुझं. मी मोठ्या ऐटीत माझा सगळ्यात तेजस्वी रंग तुझ्याकडे घेऊन आले. तू तो लावलास, सूक्ष्मदर्शकाच्या पडद्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "बेकार आहे."

"बेकार? इतका चमकतोय तर!"

"म्हणूनच बेकार आहे. इकडे ये." तू मला खुर्ची दिलीस. "नवरात्रीत गरब्याच्या मैदानात सगळ्या बायका एकदम ओरडल्या, तर तुझी आई कुठे उभी आहे ते कळेल तुला? नाही ना? पण एकेकीने आळीपाळीने हाक मारली, तर डोळे मिटूनसुद्धा प्रत्येकीची जागा सांगशील. हे रेणू इतके जवळजवळ आहेत की सगळे एकदम चमकले की नुसता धुरळा दिसतो. मला एकेकाची जागा टिपायचीय. तुझा रंग बहुतेक वेळ गप्प हवा. क्वचित बोलायला हवा, पण बोलला की मोठ्याने."

मला इतका राग आला की मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. रंग गप्प बसायला शिकवायचा, हे मला कुणी कॉलेजात सांगितलं नव्हतं. आमच्याकडे सगळी शर्यत उजेडाची. पण तुझं बरोबर होतं. पुढची कितीतरी वर्षं मी तुझ्या त्या एका वाक्यामागे धावले.

आपल्या रेणूत एक कडी होती. ती मिटली की रंग विझायचा, उघडली की पेटायचा. ती आपली आपणच, कुणी न ढकलता, उघडायला आणि मिटायला हवी होती, म्हणजे जिवंत पेशीत वापरता येणार होता. नाहीतर रंग लुकलुकवण्यासाठी पेशीवर रसायनं ओता, लेझरने भाजून काढा, आणि मग भाजलेल्या पेशीत काय दिसतं ते बघत बसा. मी एका जागी एक अणू बदलायचे, दुसऱ्या जागी एक शेपूट लावायचे. एक रंग सतत उघडा राहायचा. दुसरा असा मिटायचा की तासभर बसलीस तरी चार ठिपके. तू प्रत्येक वेळी कुपी परत आणून माझ्या टेबलावर आपटायचीस आणि म्हणायचीस, "हा पण नाही." एवढंच. मला वाटायचं, ही बाई मला छळायलाच जन्मली आहे.

आणि मग एक दिवस तू हातमोज्यांसकट पळत आलीस. दारातच उभी राहिलीस. मी घाबरले, म्हटलं काही सांडलं की काय. तू माझं मनगट धरून मला ओढत नेलंस. पडद्यावर काळ्याभोर अंधारात एक ठिपका उमटायचा, जायचा. दुसरीकडे दुसरा. पेशी जिवंत होती, हलत होती, आणि हजारो ठिपक्यांतून तिचा आतला सांगाडा हळूहळू रेखला जात होता. "लाजाळू," तू म्हणालीस. रंगाचं नाव तेच पडलं. त्या दिवशी आपण भांडलो नाही. तेवढा एकच दिवस असेल.

आता त्या खिडक्यांबद्दल बोलू दे.

एका रविवारी दुपारी तुझा फोन आला. "ये." मी जेवणावरून उठून आले. तू पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया बघत होतीस. पेशीला लागणारी शक्ती तयार करणारी ती लांबट शेवयांसारखी अंगं. त्यांच्या बाहेरच्या आवरणावरच्या एका प्रथिनाला लाजाळू लावला होतास. आवरण एकसलग दिसायला हवं होतं. दिसत होतं तुटक. एका ओळीत, जवळजवळ सारख्या अंतरावर, काळी भोकं.

"खिडक्या," तू हळूच म्हणालीस. "मेधा, ह्या कुणी पाहिल्या नाहीत अजून."

तुझा चेहरा बघून मला गप्प बसायला हवं होतं बहुतेक. पण गप्प बसणं आपल्या दोघींनाही कधी जमलं नाही. मी विचारलं, "उजेड नाही म्हणजे प्रथिन नाही, हे कशावरून?"

"म्हणजे?"

"म्हणजे रंग तिथे असेल. नुसता मिटून बसला असेल. त्याची कडी आजूबाजूच्या वातावरणाने उघडते-मिटते. आवरणाच्या त्या भागात वातावरण जरा वेगळं असलं, तर तो तिथे तोंड उघडणारच नाही. तुला भोक दिसेल."

"तू स्वतःच्या रंगावर संशय घेतेस?"

"माझा आहे म्हणूनच घेते. मला त्याच्या खोडी माहीत आहेत."

तू खुर्ची मागे ढकललीस. मी सुचवलं, पेशी रसायनाने गोठवू, वातावरणाने न बदलणारा दुसऱ्या जातीचा रंग लावू आणि बघू. तू एका वाक्यात मला उडवलंस. "पेशी मारणार आणि मग तिची साक्ष काढणार? गोठवताना आवरणच बदललं आणि खिडक्या बुजल्या, तर काय सांगशील?" मी तो बेत सोडला. तू खरंच फार हुशार होतीस, आणि ते तुला माहीत होतं, आणि त्याचा मला त्रास व्हायचा.

मग एकच वाट उरली. लाजाळूचंच भावंड बनवायचं, जिवंत पेशीत चालणारं, पण वातावरण बदललं तरी ज्याची कडी बिचकणार नाही असं. तेही बनवायला सोपं नव्हतं. दर वेळी शेवटच्या पायरीला माल काळा पडायचा. तू थांबायला तयार नव्हतीस. दुसरीकडचे लोक याच वाटेवर आहेत, म्हणायचीस. शेवटी आपला तह झाला: लेख पाठवायचा, पण रंगावर वातावरणाचा परिणाम होत असल्याची शक्यता तपासली जात आहे, असं वाक्य त्यात घालायचं. तू दातओठ खात ते वाक्य घातलंस. लेख स्वीकारला गेला. छापून यायचा बाकी होता.

आणि तुला ताप आला. पावसाळा संपता संपता सुरतेत घरोघरी असतो तसा ताप. डेंग्यू निघाला तरी आपण सगळे म्हणत होतो, होईल बरी. मी फोन केला तर तूच उचललास. आवाज पार बसला होता.

"भावंड झालं का?" तू विचारलंस.

"झालंय. शुद्ध करायचं राहिलंय. तुझ्या प्लेटलेट्स किती आहेत?"

"त्या डॉक्टरला मोजू दे. ऐक. मी आल्याशिवाय पेशीला लावू नको. माझ्यासमोर लाव."

"बरं."

"बरं नाही. शब्द दे."

"भीती वाटते का तुला खिडक्यांची?" मी हसत म्हटलं.

"मला नाही," तू म्हणालीस. "तुला वाटत असेल." पलीकडे कुणीतरी, बहुधा नर्स, फोन ठेवायला सांगत होतं, आणि तू ठेवलास. मी शब्द दिला नव्हता. दिला असता तर काय केलं असतं, कोण जाणे. दोन दिवसांनी तुझ्या भावाचा, दीपकचा फोन आला. फक्त "ताई, ताई" म्हणत राहिला.

तू गेलीस आणि भावंड फ्रीजमध्ये पडून राहिलं. मी तो फ्रीज उघडायचं टाळत होते. पण लेखाची छपाईपूर्वीची प्रत माझ्याकडे आली. तुझ्या जागी आता मी तपासून 'ठीक आहे' म्हणायचं होतं. त्याच दिवशी विभागप्रमुखांनी सांगितलं की शोकसभेला खिडक्यांचं चित्र मोठं करून लावणार आहेत. दीपकने निवडलं होतं. "माझ्या बहिणीने जगात पहिल्यांदा बघितलेली गोष्ट," असं खाली लिहायचं ठरलं होतं. जगात पहिल्यांदा. ते ऐकलं आणि मी फ्रीज उघडला.

तुझ्या खुर्चीत बसले. मला तुझ्यासारखं फोकस लावता येत नाही, माझा हात जड आहे. पहिली पेशी वाया गेली, दुसरी लेझरने जळली. तिसऱ्या पेशीवर ठिपके यायला लागले. मी पडद्याकडे बघत नव्हते. संगणकाचा हिशेब पुरा होऊन चित्र तयार होईपर्यंत मी तुझ्या खोलीतल्या भिंतीकडे बघत बसले. खरं सांगू? मनातून मला वाटत होतं की खिडक्या दिसाव्यात. तू असताना तुझं चुकावं असं मला शंभरदा वाटलं होतं. आता तू नव्हतीस, आणि मला हरायचं होतं.

वळून बघितलं. आवरण सलग होतं.

मग मी वेड्यासारखी पेशीमागून पेशी बघितली. कुठेतरी एखादी तरी खिडकी सापडावी, तुझं काहीतरी शिल्लक निघावं. एकाच पेशीत दोन्ही रंग वेगवेगळ्या उजेडात बघितले: लाजाळूत भोक, भावंडात तीच जागा भरलेली. प्रत्येक वेळी. खिडक्या तिथे नव्हत्या, कल्पना. माझा रंग तिथे मिटून बसला होता.

विभागप्रमुखांकडे गेले. ते भले गृहस्थ आहेत, तुला माहीत आहे. चित्रं बघितली, चष्मा काढला, डोळे चोळले. मग म्हणाले, "मेधाबेन, जवा दो ने, जाऊ द्या. आत्ता नको. घरच्यांना काय वाटेल? छापून येऊ दे, पुढे सहा महिन्यांनी एक दुरुस्ती पाठवू."

"तोपर्यंत दुसरं कुणी ह्याच खिडक्यांवर काम सुरू करेल."

"मग मागेच घ्यायचा असेल तर नुसतं 'अपरिहार्य कारणामुळे' लिहा. लेखिका वारली आहे, कुणी विचारणार नाही."

"विचारणार नाहीत, पण बोलतील," मी म्हटलं. "म्हणतील, मेलेल्या बाईने आकडे रचले होते, म्हणून गुपचूप काढून घेतला."

त्यांनी चष्मा परत लावला. मला जायची मोकळीक दिली, एवढंच.

शोकसभेआधी तुझ्या घरी जायलाच हवं होतं. उधन्याला तुमच्या गल्लीत शिरले. दीपक नुकताच मार्केटमधल्या साडीच्या दुकानातून आला होता. तुझी माय पलंगावर बसली होती. तुझ्या फोटोला हार होता, ताजा. मी सगळं सांगितलं, जितकं सोपं करता येईल तितकं. माय ऐकत होती. दीपक उभाच राहिला.

"मेधाताई," तो म्हणाला, "ती असती तर तुमची हिंमत झाली असती?"

"ती असती तर तिच्यासमोरच केलं असतं. भांडलो असतो."

"पण ती नाहीये ना! यही तो बात है. आता ती उत्तर कशी देणार? तुम्ही एकट्याच बोलणार, तुम्ही एकट्याच जिंकणार."

कल्पना, याच्यापेक्षा टोकदार तूसुद्धा मला कधी काही बोलली नाहीस. मी त्याला म्हणणार होते की मी जिंकले नाहीये, रंग माझा होता, खोड त्याचीच निघाली, आणि आता लाजाळू वापरणारा प्रत्येकजण माझ्याकडे संशयाने बघेल. पण ते त्याच्यासमोर फारच लहान वाटलं.

मायने माझ्याकडे बघितलं. "मनी पोर खोटं बोलनी का?"

"नाही माय." माझा आवाज एकदम चढला. "खोटं नाही बोलली. तिला जे दिसलं तेच तिने सांगितलं. दिसलं ते फसवं होतं. चुकली ती. आम्ही दोघी चुकलो."

मायने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मंग चुकनी आसं लिख," ती म्हणाली. "खोटं बोलनी आसं कोनी म्हनाले नको."

दीपक आत निघून गेला. दार आपटलं नाही, नुसतं लोटलं, आणि तेच मला जास्त लागलं. माय मला दारापर्यंत सोडायला आली. तिने काही विचारलं नाही. मीच वाकून तिच्या पाया पडले, तर तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

त्याच दिवशी मी लेख मागे घेत असल्याचं संपादकांना कळवलं. कारण स्पष्ट लिहिलं: या रंगाची कडी आवरणाच्या काही भागांत मिटून राहते, त्यामुळे प्रथिन असूनही तिथे रिकामी जागा असल्यासारखं दिसतं; निरीक्षण प्रामाणिक होतं, दोष रंगाचा होता. दुसऱ्या रंगाची चित्रं सोबत जोडली. खाली दोन नावं घातली, तुझं पहिलं. तुझ्या वतीने सही करायचा मला काही अधिकार नव्हता. तरी नाव घातलं. यावर तू काय म्हणाली असतीस ते मला अजून ठरवता येत नाही. बहुतेक ओरडली असतीस.

सभेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मोठं केलेलं चित्र लावलं नव्हतं. दीपकने नको म्हणून कळवलं होतं. मला वाटलं तो येणारच नाही. पण तो आला, मायला घेऊन, आणि पहिल्याच रांगेत बसला. हात छातीवर घट्ट बांधलेले. लोक तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलले. माझी वेळ आली तेव्हा मी तुझ्या पदव्यांबद्दल काही बोलले नाही. पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली आणि काय झालं ते सांगितलं. मागच्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं. विभागप्रमुख जमिनीकडे बघत होते. श्रद्धांजलीला कुणी असं करत नाही, हे मला ते सगळे न बोलता सांगत होते. मी संपवलं. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना.

आणि दीपक उभा राहिला.

"एक सवाल आहे," तो म्हणाला. "पहिला रंग फसवतो म्हणता. मग हा दुसरा रंग खरं सांगतो, हे कशावरून? ह्याने पण नसलेलं भरून दाखवलं असेल तर?"

इतक्या शास्त्रज्ञांपैकी कुणी ते विचारलं नव्हतं, कारण शोकसभेत कुणी प्रश्न विचारत नाही. त्याने काही जाणून विचारलं नव्हतं. त्याला नुसतं माझं म्हणणं मोडायचं होतं. तुमच्या घरात हे रक्तातच असावं.

मी परत माईक घेतला. त्याला उद्देशून, मराठीत, जमेल तसं बोलले. म्हटलं, दीपक, तुझी शंका रास्त आहे. दुसरा रंग जास्त वेळा उघडतो, म्हणजे एकाच वेळी जास्त ठिपके पेटतात, ते एकमेकांत मिसळतात आणि भोक असलं तरी भरल्यासारखं दिसू शकतं. म्हणून मी तो रंग फार विरळ लावून बघितला, इतका की दोन ठिपके एका वेळी शेजारी येणंच कठीण. चित्र जमायला खूप वेळ लागला. तरी आवरण सलगच आलं. मी तेही चित्र उघडून दाखवलं. त्याने विचारलं, विरळ म्हणजे किती. मी सांगितलं. त्याने विचारलं, पेशी तोवर जिवंत होती का. मी म्हटलं, होती, आणि ती कशी हलत होती ते दाखवलं. मागून एका विद्यार्थिनीने हात वर केला, मग आणखी कुणीतरी. तुझ्या शोकसभेत अर्धा तास वादावादी झाली, कल्पना. खिडक्यांवर, रंगावर, तुझ्या आकड्यांवर, माझ्या आकड्यांवर. कुणी आवाज चढवला, कुणी फळ्यावर आकृती काढली. माय एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

नंतर जिन्याजवळ दीपक माझ्यासाठी थांबला. डोळे लाल होते. त्याचं समाधान झालं नव्हतं हे मला दिसत होतं, आणि होईल की नाही ते मला माहीत नाही.

"तुम्ही दोघी रोज असंच भांडायचात?" त्याने विचारलं.

"रोज."

"आणि जिंकायचं कोण?"

"बहुतेक वेळा तीच," मी म्हटलं.

त्याने मान वळवली आणि मायचा हात धरून तिला हळूहळू जिना उतरवायला लागला. तुझ्या भावाला बरं वाटावं म्हणून मी ते म्हटलं नाही, कल्पना. तुला माहीत आहे.